गोंबेची टोळी का फुटली?

काल ज्याने प्रेमाने तुमच्या केसांतला कचरा वेचला, तोच आज फांदी उगारून अंगावर आला तर? आफ्रिकेत, टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात अगदी असंच घडलं. माणसांत नाही हं, चिंपांझींत!

टांगानिका सरोवराच्या काठावरच्या या जंगलात जेन गुडॉल १९६० साली चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. चिंपांझींची टोळी मोठी असली तरी दिवसभर सगळे एकत्र नसतात. दोघे इकडे, चौघे तिकडे, संध्याकाळी भलतेच कुणाबरोबर! गुडॉलताईंच्या तळावर चिंपांझींसाठी केळी ठेवत. तिथे कोण कोणाबरोबर आलं, हे रोज लिहून ठेवलं जाई. किती कंटाळवाणं काम! पण याच नोंदींनी पुढे मोठं कोडं सोडवलं.

१९७०च्या सुमाराला टोळीत फट पडली. काही नर उत्तरेला रमू लागले, काही दक्षिणेला. समोरासमोर आले की आरडाओरडा, फांद्यांची फेकाफेक! बघता बघता एका टोळीच्या दोन झाल्या. पुढे १९७४ ते १९७८ या काळात उत्तरेच्या नरांनी दक्षिणेचे नर एकेकटे गाठून मारले. ते कळल्यावर गुडॉलताई हादरून गेल्या होत्या.

पण टोळी फुटली का? २०१८ साली संशोधक जोसेफ फेल्डब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी संगणकावर तपासल्या. आधी सगळे नर एकमेकांत मिसळत होते. मग हम्फ्री हा नर विरुद्ध चार्ली आणि ह्यू हे दोन नर अशी मोठेपणाची चुरस लागली. त्यात तेव्हा पिल्लांना जन्म देऊ शकणाऱ्या माद्याही कमी होत्या. प्रत्येक जण आपापल्या दोस्तांना जास्तच चिकटून राहू लागला आणि दुसरीकडचं येणं-जाणं आटलं.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चिंपांझींना ना झेंडा, ना धर्म, ना भाषणं. तरीही गट फुटला! म्हणजे फूट पडायला मतभेदच लागतात असं नाही. चुरस लागली आणि दोन्हीकडच्यांचं एकत्र बसणं-उठणं थांबलं, तरी पुरतं.

आता तुम्हीही शास्त्रज्ञ व्हा. डबा खाताना वर्गात कोण कोणाशेजारी बसतं, हे आठवडाभर वहीत लिहा. वेगवेगळे घोळके दिसले, तर त्या सगळ्यांत सहज जाऊन बसणारं कोण आहे, तेही शोधा. तसं कुणीच सापडलं नाही, तर उद्या तुम्हीच डबा घेऊन पलीकडच्या घोळक्यात जा.