पोस्टकार्डावरची मुंबई, दप्तरातली मुंबई

अपोलो बंदराचं एखादं जुनं रंगीत पोस्टकार्ड हाती येतं. मागे ताजमहाल हॉटेलचा घुमट दिसतो, रस्त्यावर व्हिक्टोरिया घोडागाड्या उभ्या आहेत, पण गेटवे ऑफ इंडियाचा पत्ता नाही. ताज उघडलं १९०३ साली, गेटवे पुरं झालं १९२४ साली. तेव्हा छायाचित्र या दोन सालांच्या मधलं. मागच्या पोस्टाच्या शिक्क्यावर मात्र फार विसंबू नये. चित्र त्या तारखेनंतरचं नाही, एवढंच तो सांगतो. एकच छायाचित्र वर्षानुवर्षं छापलं जाई. रस्त्यावर ट्राम असेल तर आधी घोडे शोधायचे. घोड्यांची ट्राम १८७४ ते १९०५, विजेची १९०७ पासून. रंग तर पुरावाच नव्हे. मूळ छायाचित्र काळंपांढरं. रंग भरला जाई छापखान्यात, आणि तो छापखाना पुष्कळदा जर्मनीत असे.

मुंबईत कॅमेरा लवकर आला. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पुढच्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पडल्या आणि त्या जागी आजचं फोर्ट उभं राहू लागलं. पोस्टकार्डांचा जमाना आला तेव्हा विकण्याजोगी मुंबई तयार होती: बोरीबंदर, राजाबाई टॉवर, मलबार हिलवरून दिसणारा समुद्र. चित्रकार म. वि. धुरंधरांनी तर मुंबईतल्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांसाठी काढली. पण पोस्टकार्ड हा बाजारातला माल. गिऱ्हाइकाला जे धाडावंसं वाटेल, तेच त्यावर येणार.

त्यामुळे नागपाड्याची एखादी जुनी गल्ली पोस्टकार्डावर शोधणाऱ्याची निराशाच व्हायची. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि अशाच दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचं काम सुरू झालं. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याच ट्रस्टची करणी. कोणती गल्ली का गेली, हे कळायला प्लेगच्या फायली, ट्रस्टचे अहवाल आणि जागा संपादनाचे नकाशे उघडावे लागतात. १८२१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सरकारी दप्तरखान्याचा वारसा आज पुराभिलेख संचालनालयाकडे आहे. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत हे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं गेलं. सरकारी कागदाचाही कल असतोच: त्यात घर ‘आरोग्यास घातक’ ठरतं, घरातल्या माणसाचं म्हणणं क्वचितच सापडतं. म्हणून पोस्टकार्ड, नकाशा आणि फाईल टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून वाचायची.

हे सगळं टिकवायचं मुंबईच्या दमट हवेत. जुन्या शाईतलं लोह आणि आम्ल कागद खातं, अक्षराच्या जागी भोकं पडतात. एकोणिसाव्या शतकातले बरेचसे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापलेले. पुठ्ठ्यावर चिकटवले नाहीत तर त्यांची सुरळी होते आणि काळानुसार ते पिवळे पडतात. कसर, वाळवी आणि बुरशी तर पाचवीला पुजलेल्या. उपाय साधे पण चिकाटीचे: आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद खळीने लावायचा, आम्लविरहित पाकिटात ठेवायचं. काचेच्या निगेटिव्ह आडव्या रचायच्या नाहीत, खालची फुटते. त्या कडेवर उभ्या ठेवायच्या. स्कॅन केल्याने मूळ वस्तूची हाताळणी कमी होते, पण मूळ वस्तू टाकून देता येत नाही. कागदाचा पोत, पुठ्ठ्यावरची स्टुडिओची छाप, मागचा मजकूर यांनाही साक्ष द्यायची असते.

पोस्टकार्डात आणि सरकारी फायलीत जी मुंबई आली नाही, ती घराघरांतल्या ट्रंकांत आहे. चाळीच्या गॅलरीतला मुंजीचा फोटो, भाडेपावत्या, गिरणीचा पास. चाळ पुनर्विकासाला गेली की घर रिकामं करण्याच्या घाईत हेच आधी रद्दीत जातं. सेलोटेप किंवा प्लास्टिकचं लॅमिनेशन करून ते ‘जपणं’ही तितकंच वाईट, टेपचा डिंक डाग पाडतो, लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. त्यापेक्षा मऊ पेन्सिल घ्यावी आणि फोटोमागे हलक्या हाताने ठिकाण, साल आणि माणसांची नावं लिहावीत. आजीला विचारून, आणि आजी आहे तोवरच. नाव-साल नसलेला फोटो नुसता जुना असतो. नाव-साल लिहिलं की अभ्यासकाला तो फाईलशेजारी ठेवता येतो.