कमी पाहण्याचा फायदा

अवरक्त वर्णपटाने ज्वलन अभ्यासण्याची कथा सहसा यंत्रांच्या वाढत्या ताकदीची म्हणून सांगतात. मला ती उलटी वाटते. संशोधकांनी कमी पाहायचं ठरवलं, तेव्हाच झटपट होणारं ज्वलन त्यांच्या हाती लागलं. फूरिए पद्धतीचं यंत्र सरकत्या आरशाच्या जोरावर अख्खा वर्णपट देतं. पण आरशाच्या एका फेरीला, घाई केली तरी, काही मिलिसेकंद जातात. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दांडा एक अंश वळतो सुमारे 56 मायक्रोसेकंदांत. आरसा थांबत-थांबत सरकवण्याची युक्ती निघाली खरी, पण तिला तीच घटना शेकडो वेळा जशीच्या तशी घडायला हवी, आणि स्फोट इतका आज्ञाधारक नसतो.

1977 मध्ये स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी शिसेक्षारांच्या डायोड लेसरने ज्वलनवायूंच्या सुट्या शोषणरेषा मोजल्या. ही शितावरून भाताची परीक्षा होती. शॉक ट्यूब नावाच्या नळीत आघातलहर टोकाच्या भिंतीवर आपटून परतते, वायू क्षणात तापतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागताच 4.6 मायक्रोमीटरजवळचा किरण मंदावतो. दोन रेषांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून तापमानही कळतं. 1994 मध्ये बेल लॅब्समध्ये क्वांटम कॅस्केड लेसर जन्माला आला. पुढे त्याच्यामुळे शिसेक्षारांच्या लेसरांना लागणाऱ्या अतिशीत थंडाव्याची कटकटही सुटली.

किरण वाटेतल्या सगळ्या वायूची सरासरीच सांगतो, हा आक्षेप रास्त आहे, आणि इंजिनात तो खरोखर नडतो. परतलेल्या लहरीमागचा वायू मात्र जवळपास एकजिनसी असतो, म्हणून शॉक ट्यूबमध्ये या आक्षेपाची धार बोथट होते. संगणकी प्रारूपं असताना हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. पण त्या प्रारूपांतले अभिक्रियांचे वेग कुणाला तरी मोजावेच लागतात, आणि त्यांतले बरेचसे याच नळ्यांमध्ये मोजले गेले. अलीकडच्या दुहेरी कंगवा-लेसरांनी मायक्रोसेकंदांत अनेक रेषा टिपून वर्णपटाची गेलेली रुंदी बरीचशी परत आणली आहे. तीही सलग पट्टा म्हणून नव्हे, सुट्या दातांच्या रूपात.

एक मर्यादा मात्र कुठल्याच लेसरने हटलेली नाही. हवेतला नायट्रोजन आणि जाळणारा ऑक्सिजन अवरक्तात जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी आजही रामन परिणामासारख्या दुसऱ्या वाटांकडे जावं लागतं.