डागोबा, डागोबा, तुम्ही कोण?

अंगणातल्या फरशीवर डाग दिसला, की घरात एकच प्रश्न उठतो. “कोणी सांडलं?” आणि उत्तरंही ठरलेली. “मी नाही!” “मी पण नाही!” मांजराला बोलता येत नाही, म्हणून शेवटी आळ त्याच्यावर येतो!

पण गंमत सांगू? पुष्कळदा खरंच कोणी काही सांडलेलं नसतं!

चल, आपण केळझरला जाऊ. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव. गावाच्या टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. भीमानं बकासुराला इथंच लोळवलं, असं गावातली माणसं सांगतात. आता बकासुराचं जेवण आठव. गाडाभर भात! केवढं सांडलं असेल!

असू दे. आपल्याला आजचे डाग शोधायचेत. पावसाळा संपलाय, ऊन पडलंय आणि अंगणात एक पांढरा, एक काळपट, एक राखाडी असे तीन डाग दिसतायत. घासणी? नको, आत्ता नको! ती ठेवून दे. आपलं हत्यार वेगळं आहे. एक थेंब पाणी!

पांढऱ्या डागावर थेंब टाक. अरे! डाग गेला! जिंकलो? छे. थेंब वाळू दे. डाग परत हजर!

हे आहे मीठ. म्हणजे जेवणातलंच असं नाही, पण त्याच्या जातीचं. जमिनीतलं पाणी क्षारांना पोटात घेऊन दगडातून वर चढतं. वर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो ना, तोच हा. आणि आपण काय करतो? बादलीभर पाणी ओततो! क्षार विरघळतात, दगडात शिरतात आणि ऊन पडलं की पुन्हा वर येऊन बसतात. म्हणून लोणा कोरड्या कुंच्यानंच झाडायचा. पाण्याचा डाग पाण्यानं जात नाही. आहे की नाही कमाल?

आता काळपट डागावर थेंब. बघ, थेंब पसरतच नाही. मोत्यासारखा गोल बसून राहिलाय. म्हणजे तिथं तेल आहे! इथं मात्र कोणीतरी सांडलंय हं. भजी तळली होती का अंगणात?

तेल दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतं. घासलं की वरचं जातं, आतलं राहतं. मग त्याला वर बोलवायचं कसं? शाळेत खडू शाईत बुडवलायस कधी? शाई आपोआप वर चढते. तसंच इथं करायचं. मुलतानी मातीत थोडं पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जाड लेप बनवायचा. तो डागावर थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळता वाळता माती आतलं तेल ओढून घेते. जुना डाग असेल तर पुन्हा एकदा थापायचा.

आणि ओळख पाहू, असा लेप आणखी कोणाला लावतात? ताजमहालाला! खोटं नाही. धूर-धुळीनं त्याचा पांढरा संगमरवर पिवळट पडतो, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची माणसं त्याला मुलतानी मातीच थापतात. आई तोंडाला लावते तीच!

ताजमहालावर एकदा हिरवट-काळे ठिपकेही आले होते. २०१६ सालची गोष्ट. सगळे चक्रावले. शेवाळ म्हणावं तर तसं नाही. रंग म्हणावा तर कोणी लावला? चोर सापडले ते यमुनेच्या घाण पाण्यात. तिथं वाढणारे इवलेसे किडे थव्यांनी भिंतीवर येऊन बसत होते आणि… शी करत होते! हो, जगातल्या सुंदर इमारतीवर किड्यांची शी! तो डाग साध्या पाण्यानं निघत होता. पण यमुना घाण राहिली, तर किडे परत येणारच ना?

बरं, तिसरा डाग राहिला. राखाडी, गोल, जरा खरखरीत. टाक थेंब आणि डोळे जवळ ने.

हिरवा झाला!

होय. कोरडा असताना राखाडी आणि ओला झाला की हिरवट. कारण हा डाग जिवंत आहे! आत्ता तू त्याला पाणी पाजलंस!

याचे नातेवाईक तुझ्या स्वयंपाकघरातच राहतात. मसाल्याचा डबा उघडून बघ. काळपट, वाळक्या पाकळ्यांसारखं काहीतरी मिळेल. दगडफूल! सावजी रश्शात जातं आणि गोड्या मसाल्यातही. (म्हणून अंगणातला डाग खरवडून रश्शात टाकू नकोस हं. खायच्या जाती वेगळ्या.)

दगडफूल हे फूल नाहीच. ती एक वनस्पतीसुद्धा नाही. ते दोघं आहेत! एक बुरशी आणि एक शेवाळ, एकाच घरात राहतात. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं आणि दोघं जेवतात. थेंब पडल्यावर वरचं बुरशीचं छप्पर जरा पारदर्शक होतं आणि आतलं हिरवं शेवाळ डोकावतं. तोच रंग तुला दिसला! स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली ही जोडी ओळखली. तेव्हा मोठमोठ्या जाणकारांनी त्यांचं म्हणणं उडवून लावलं होतं!

आणि ही जोडी केवढी चिवट! वर्ध्याचा उन्हाळा माहीत आहे ना? पारा ४५ अंशांच्या वर. दगडावर पाय ठेववत नाही. ही मंडळी तिथंच पापडासारखी वाळून पडून राहतात. मेली असं वाटतं. पहिला पाऊस आला की पुन्हा कामाला! २००५ साली युरोपच्या अवकाश संस्थेनं दगडफुलाचे भाऊबंद यानातून अवकाशात नेले. हवा नाही, पाणी नाही, वर कडक अतिनील किरण. जवळजवळ दोन आठवडे तशा उघड्यावर काढून ते परत आले. जिवंत!

वाढतात मात्र गोगलगायीलाही लाज वाटेल अशा चालीनं. काही जाती वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाहीत. म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा डाग वयानं तुझ्याएवढा असेल, कदाचित तुझ्याहून मोठा. दादाच म्हण त्याला! काढायचाच असेल तर पाण्यानं भिजवून मऊ कर आणि बांबूच्या चपट्या काडीनं हळूच उचल. तारेची घासणी नको, दगडावर ओरखडे उठतात. मला विचारशील, तर मी काढणारच नाही. पाय घसरवणारं हिरवं शेवाळ वेगळं. ते कुंच्यानं घासून टाकलेलंच बरं.

आता एक जादूचा डाग. घरात हळद झाली आणि फरशी पिवळी झाली. हळद आपल्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची असेल तर काय विचारता! २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. आता त्या डागावर साबण लाव. बाप रे, लाल! घाबरू नकोस. हळदीचा पिवळा रंग साबण, चुना असल्या पदार्थांना भेटला की लाल होतो. जुन्या पद्धतीचं कुंकू असंच, हळदीतूनच करतात! साबण धुऊन टाक आणि डाग उन्हात राहू दे. हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. काही दिवसांत तो आपला आपण फिका पडतो. फुकटातला धोबी!

पानाच्या आकाराचा तपकिरी ठसा दिसला तर तो भिजलेल्या पानाचा. जवळच्या बोर अभयारण्यात सागाची झाडं आहेत. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलंयस ना? हात लाल! पानांमध्ये असे रंग असतात. त्यात काही तुरट द्रव्यंही असतात, आणि त्यांना लोखंड भेटलं की निळा-काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच एक क्षार) मिसळून शाई करत, ती अशीच. ओल्या पानांवर लोखंडी खाटेचा पाय टेकला, तर अंगणातच शाईचा कारखाना!

लिंबू चोळून बघू म्हणतोस? थांब! आधी दगड कोणता ते बघ. शहाबादी फरशी असेल तर लिंबू नकोच. हा चुनखडीचा दगड, खूप खूप जुन्या समुद्राच्या तळाशी तयार झालेला. एखाद्या फुटक्या तुकड्याची भुकटी खरवड आणि तिच्यावर लिंबाचा रस पिळ. बारीक बुडबुडे येतात. सोडा वॉटरमध्ये असतो तोच वायू! म्हणजे लिंबू डागाला नाही, दगडालाच खातंय.

केळझरच्या मातीखालचा काळा दगड मात्र लिंबाला सहसा दाद देत नाही. तो लाव्हाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वाहिला आणि थिजला, तो हा! त्याच्यावर कधी कधी तांबूस-तपकिरी कड दिसते. थेंब टाक, काही होत नाही. साबण लाव, तशीच. लेप थाप, तशीच. कोणी सांडलं?

कोणीच नाही! काळ्या दगडाच्या पोटात लोखंड असतं. पाऊस आणि हवा लागून त्याला गंज चढतो. हा डाग बाहेरून पडलाच नाही, आतून आलाय. नखानं खरवड, भुगा पडेल. असाच दगड लाखो वर्षं झिजून, कुजून आपली कापसाची काळी माती झाली आहे.

तेव्हा आजी घासणी घेऊन आली तर तिला सांग, “आजी, हा निघणार नाही. हा काढायचा तर अख्खा दगडच घासून संपवावा लागेल. आणि मग खाली उरेल ती माती. तिच्यात कपाशी लावायची का?”