उद्या किती तपणार? उन्हाळ्यातला आठवड्याचा अंदाज कसा ऐकायचा

 

मे लागला की धामणगावात दोन बोलणी ठरलेली असतात. सकाळी नळावर, "आज किती तपन वो बाई?" आणि संध्याकाळी ओट्यावर, "रेडिओवर ४४ सांगतलं होतं, मले तं जास्त वाटलं." आज या दोन्हीवर बोलू. अंदाज आपण सगळ्याच ऐकतो, पण त्यातल्या शब्दांचा अर्थ नीट कळला तर त्या आठवड्याचं काम वेगळं लावता येतं.

आधी तो ४४ चा आकडा. हवामान खात्याचं तापमापक उन्हात ठेवलेलं नसतं. पांढऱ्या लाकडी पेटीत, चारही बाजूंनी फटी असलेल्या, साधारण छातीच्या उंचीवर ते असतं. म्हणजे ४४ हे सावलीतल्या, वारा खेळत्या हवेचं तापमान. वावरातल्या काळ्या मातीवर, टिनाखालच्या खोलीत, चुलीपुढे त्याहून जास्तच असणार. तेव्हा तुम्हाला जास्त वाटलं ते खरंच होतं. आकडा खोटा नाही, तो तुमच्या टिनाखाली मोजलेला नाही एवढंच.

दुसरं असं की अंदाज बहुतेक वेळा जिल्ह्याचा असतो. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदराही येतं, तिथे मे महिन्यातही रात्री पांघरूण लागतं. आपण पार पूर्वेच्या टोकाला, वर्धा नदीकडच्या सपाट भागात. म्हणून अमरावतीसोबत वर्ध्याचाही आकडा ऐकायचा. आपण दोघांच्या मधात आहो.

आपल्याकडे एवढं तपतं काहून? समुद्र दूर, आभाळ स्वच्छ, आणि वायव्येकडून, राजस्थानच्या बाजूने येणारा कोरडा वारा. त्यात सूर्य थेट डोक्यावर. २३-२४ मेच्या सुमारास भर दुपारी अंगणात उभी लाकडी काठी रोवून पाहा, तिची सावली बुडाशीच गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. लेकरांना नक्की दाखवा, पण दोन मिनिटांत घरात या. नागपूरचा ४७.९ अंशांचा विक्रम २३ मे २०१३ चा, तो याच दिवसांतला. नवतपा २५ मेच्या आसपास लागतो तोही इथलाच. नवतपा चांगला तपला तर पाऊस चांगला, असं आपल्या सासवा सांगत आल्या. जमीन तापल्याने हवेचा दाब कमी होतो आणि समुद्राकडचे वारे आत ओढले जातात, एवढा भाग त्यात बरोबर आहे. पण नऊ दिवसांवरून साऱ्या पावसाळ्याचा हिशेब लावून बियाणं पेरू नका. कृषी विद्यापीठ सांगतं तसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या, मगच पेरा.

आता "उष्णतेची लाट" हा शब्द. सपाट भागात पारा किमान ४० वर असेल आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा सरळ ४५ ला पोहोचला, तर लाट म्हणतात. ४७ च्या वर तीव्र लाट. तेही निदान दोन ठिकाणी, दोन दिवस तसं राहिलं तर. यात आपल्यासाठी एक मेख आहे. आपली मेच्या शेवटची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ झालं तरी कागदावर लाट नाही! पुण्या-मुंबईत ४० झालं की बोंब, आणि आपल्याकडे ४४ ला "नेहमीचंच". शरीराला मात्र सरासरी कळत नाही. लाटेचा इशारा नाही म्हणजे दुपारी वावरात जायला हरकत नाही, असं अजिबात समजू नका.

रंगांचं सोपं आहे. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. २०२४ च्या मेअखेरीस अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी आणि पंख्याची सोय मालकाने करायची, शिकवणी वर्ग भर दुपारी घ्यायचे नाहीत, असे त्यात आदेश होते. मजुरी करणाऱ्या बायांनी हे ध्यानात ठेवा. पाणी आणि सावली मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

अंदाजात आणखी दोन गोष्टी ऐकायच्या, ज्या आपण सोडून देतो. एक, रात्रीचं किमान तापमान. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवलं पाहिजे. रात्रीही पारा उतरत नसेल तर दुसऱ्या दिवशीचं तेच ऊन जास्त बाधतं. दुसरी, आर्द्रता, म्हणजे हवेतला ओलावा. आपला कूलर कोरड्या हवेतच काम करतो. खसच्या जाळीतलं पाणी सुकतं तेव्हा गारवा येतो. अंगावरचा घामही तसाच. आभाळ आलं, हवा दमट झाली की कूलर नुसता ओलसर वारा फेकतो आणि घाम सुकत नाही. म्हणून दमट ४१ कधीकधी कोरड्या ४४ पेक्षा वाईट.

"तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे सांगितलेल्या भागातल्या फार तर चौथ्या हिश्श्यात पाऊस. तो आपल्या गावी पडेलच असं नाही, पण वाळवण गच्चीवर असेल तर पडणार असं धरूनच चाला. आमच्या गटाने एका वर्षी कुरड्यांची मोठी ऑर्डर घेतली होती. रेडिओवर विजांसह पाऊस सांगितला होता, आम्ही म्हटलं एवढ्या उन्हात कुठला पाऊस! चार वाजता वावटळ उठली, मग टपोरे थेंब. दोन दिवसांचा गव्हाचा चीक वाया गेला, नि आमच्यातली एक जण ओल्या कुरड्या गोळा करायला विजा कडाडत असताना टिनावर चढली. नशिबाने काही झालं नाही. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. वाळवण जाऊ द्या, पक्क्या घरात या, झाडाखाली तर मुळीच थांबू नका. मोबाइलवर "दामिनी" ॲप असेल तर ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. शेतीसाठी "मेघदूत" आहे. त्यावरचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी नवा येतो.

सात दिवसांच्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा? पहिले दोन-तीन दिवस चांगला, पुढे पुढे सैल. म्हणून सोमवारी ऐकलेल्या अंदाजावर रविवारचं लग्नाचं जेवण ठरवू नका, शुक्रवारी पुन्हा ऐका. पारा दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान सगळ्यात वर असतो. वावरातलं काम सकाळी दहा-अकराच्या आत, उरलेलं पाच वाजल्यानंतर.

आता जरा आपलं बाईमाणसाचं. वावरात आडोसा नसतो म्हणून आपण पाणीच कमी पितो, हे सगळ्या जणी करतो आणि कोणी बोलत नाही. लघवी गडद पिवळी झाली की समजा, अंगातलं पाणी कमी पडलं. चौघी-पाच जणी मिळून कामावर जा, लुगड्याचा आडोसा धरा, पण पाणी तोडू नका. पन्हं, ताक, नाहीतर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा.

चक्कर, पायात गोळे, मळमळ आणि भरपूर घाम असेल तर सावलीत निजवा, घोट घोट पाणी द्या. पण बाई असंबद्ध बोलू लागली, अंग भाजल्यासारखं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर पाणी ओता, पदराने वारा घाला, काखेत आणि मानेला ओली फडकी लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. गरोदर बाया, म्हातारी माणसं, तान्ही लेकरं आणि बीपीच्या गोळ्या घेणारे यांना हा त्रास लवकर होतो.

येत्या बैठकीत एक करा. गटातल्या एकीने रोज सकाळी अंदाज ऐकून दिवसाचा आकडा, रात्रीचा आकडा आणि रंग, एवढं तीनच गोष्टींचं नळाजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं. एक आठवडा एकीचा, पुढचा दुसरीचा. ज्या मावशीला वाचता येत नाही, तिच्यासाठी नुसता रंगाचा गोल काढला तरी पुरतो.