दोर धरणारा धर्मगुरू

स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न हे ४,४७८ मीटर उंचीचे शिखर आहे. दि. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर व त्यांचे सहा सोबती स्विस बाजूने प्रथमच माथ्यावर पोहोचले. परंतु उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून कोसळून प्राणास मुकले.

तीनच दिवसांनी इटलीच्या बाजूने दुसरे चौघे चढले. त्यांत आमे गॉरे हे तरुण कॅथलिक धर्मगुरू होते. या शिखराच्या १८५७ सालच्या प्रयत्नातही त्यांनी भाग घेतला होता. आता माथा अगदी जवळ आला असता एक घळ आडवी आली. तीत उतरणे शक्य होते. मात्र वर कोणी साहाय्यास थांबल्यावाचून परत चढून येणे दुरापास्त होते. तेव्हा गॉरे व मेने मागे राहिले. कारेल व बिश शिखरावर गेले.

शिखर सर केल्याचा मान त्या दोघांना मिळाला, आणि तो योग्यच होय. पण वाचकहो, आपण आज ज्या उंचीवर आहोत, तिच्याखाली आपल्यासाठी दोर धरून कोण थांबले होते, याचे स्मरण आपणांस आहे ना?