आयर्लंड : मयताच्या घरचं जागरण

आयर्लंडमध्ये कोणी गेलं की शेजारीपाजारी त्या घरी जमतात, रात्रभर पितात आणि हसतात, असं ‘वेक’चं चित्र जगभर रंगवलं गेलं आहे. पिणं असे, हसणंही असे. पण कोणासाठी, ते सांगायचं राहून जातं. पिकल्या वयात गेलेल्या माणसाच्या वेकला गोष्टी, कोडी, खेळ रंगत. तरुण मुलगा किंवा लहान लेकरांची आई गेली, तर त्या घरात खेळाचं नाव कोणी काढत नसे. लोकसाहित्याचे अभ्यासक शॉन ओ सूलियावॉन यांनी या खेळांवर 1961 मध्ये आयरिश भाषेत अख्खं पुस्तक लिहिलं, इतका हा विषय मोठा आहे.

मूळ नियम एकच : दफन होईपर्यंत मृताला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. त्यासाठी पाळीपाळीने जागायचं. घड्याळ थांबवायचं, आरसे झाकायचे. तंबाखू आणि मातीच्या चिलमी ठेवायच्या; तंबाखू न ओढणाराही एक झुरका घेऊन मृतासाठी प्रार्थना पुटपुटे.

शिसं असलेल्या पेल्यांतून पिऊन माणसं बेशुद्ध पडत, ती उठतात का हे पाहायला वेक सुरू झाली, ही कथा तर निव्वळ बनावट. 1999 मध्ये ईमेलमधून फिरलेल्या मजकुराने ती पसरवली. शिशाची बाधा हळूहळू साचत जाते, ती एका बैठकीत कोणाला मेल्यासारखं पाडत नाही.

मृत्यूभोवतीचा आणखी एक गैरसमज बॅन्शी या अलौकिक बाईबद्दलचा. ती जीव घेते, हे सिनेमांनी शिकवलं. लोकसमजुतीतली बॅन्शी कोणाला मारत नाही. ठरावीक जुन्या घराण्यांत मृत्यू जवळ आला की ती रडते. पॅट्रिशिया लायसट यांच्या 1986 च्या ग्रंथात ती त्या घराण्याची पूर्वजस्त्री म्हणून दिसते.

सर्वांत मोठा अन्याय झाला तो वेकला मृतासाठी विलाप करणाऱ्या बायकांवर. त्यांना ‘भाड्याने रडणाऱ्या’ म्हणून हिणवलं गेलं. काहींना मोबदला मिळे हे खरं, पण मृताला हाक मारत, त्याचं कूळ आणि गुण गात, जागच्या जागी कविता रचणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. 1773 मध्ये कॉर्क परगण्यात आर्ट ओ लिअरी मारला गेला; त्याची पत्नी आयलीन हिच्या नावावरचा विलाप पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकला आणि आज आयरिश साहित्यात मानाने वाचला जातो. चर्चला मात्र हा विलाप आणि वेकचे खेळ दोन्ही खुपत. सतराव्या शतकापासून धर्मसभांनी वारंवार बंदी घातली, तरी ते पुढे कित्येक पिढ्या चालूच राहिले.

विलाप विसाव्या शतकात विरला. वेक मात्र, विशेषतः खेड्यांत, अजून आहे. स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात, 2005 पासून ‘आरआयपी डॉट आयई’ या संकेतस्थळावरही त्या येतात. लोक निमंत्रणाशिवाय येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, चहा घेतात आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलत बसतात.