पहिला डीएसएलआर घेताय? आधी लेन्सचं बघा!

‘कोणता घेऊ?’ म्हणणारे बहुतेक जण मेगापिक्सेलवर अडतात. निकॉन डी३५०० घ्या की कॅनन २००डी, दोन्हींत २४च आहेत आणि भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रिंटलाही ते पुरून उरतात. त्यावर डोकेफोड नको.

खरी मेख लेन्समध्ये. सोबत मिळणारी १८-५५ दिवसाउजेडी झकास. पण मंडपात ट्यूबलाइटखाली ५५ वर झूम केलंत, की अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. शटर मंदावतो, हळद लावणारे हात पुसट येतात. एफ/१.८ ची लेन्स तिथे नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते! म्हणून बजेटमध्ये ५० एमएम एफ/१.८ साठी जागा ठेवाच.

इथेच एक खड्डा आहे. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुनी, स्वस्त ५० एमएम एफ/१.८डी त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेलीच घ्या. कॅननची ५० एसटीएम मात्र त्यांच्या सगळ्या ईओएस डीएसएलआरवर बिनबोभाट चालते.

सेकंडहँड घेताय? (माझं मत: पहिला तसाच घ्यावा.) लेन्समधून टॉर्च मारा, जाळी दिसली तर बुरशी, सौदा सोडा. निकॉन असेल तर शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) मूळ जेपीईजीतच असतो. विकणाऱ्याकडून त्या कॅमेऱ्याने काढलेला मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, साधा पाठवला तर ही माहिती गळून जाते.

बजेट आणि काय टिपायचंय ते कमेंटमध्ये लिहा, सुचवतो.